रावणकोटाखालचे रुपये

लंकेला जावयाचे म्हटले की आपल्याकडे आधी अशोकवन आठवते. माझ्या भाच्याला मात्र पाण्याखालची लंका पाहावयाची आहे. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्रात उतरण्याची विद्या तो आपल्या तारकर्लीस शिकला. आता बुडी नेमकी कोठे मारावी, हे ठरवण्याचे काम त्याने इतिहासाच्या नादी लागलेल्या मामावर सोपवले आहे. नकाशा पुढे घेऊन बसलो आणि ध्यानी आले की, या बेटाभोवती जागा निवडावयाची म्हणजे आधी शतक निवडावे लागते.

पहिली जागा पूर्व किनाऱ्यावरील बट्टिकलोआची. तेथे ‘हर्मिस’ ही ब्रिटिश युद्धनौका तळाशी पडली आहे. आरंभापासून विमानवाहू म्हणूनच आराखडा केलेली ही जगातील पहिली नौका. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी तिला गाठले, तेव्हा तिच्यावर एकही विमान नव्हते. ३०७ माणसे गेली. आज ती सुमारे ५३ मीटर खोल आहे. हौशी पाणबुड्यांची शेवटची मर्यादा ४० मीटरांची आणि नवशिक्यांची १८ मीटरांची. तेव्हा हा प्रश्न तेथेच मिटला. शिवाय इतक्या खलाशांची ती समाधी. तेथे मौजेखातर जावे, असे मला तरी वाटत नाही.

दुसरी जागा दक्षिणेची, आणि तिच्यावर भाच्याचा डोळा आहे. किरिंद्याच्या किनाऱ्यापासून काही मैल आत समुद्रात खडकांची एक रांग आहे. इंग्रजांनी तिला ‘ग्रेट बासेस’ म्हटले आणि १८७३ मध्ये तेथे दीपगृह पेटवले. सिंहली लोक तिला ‘महा रावण कोटुव’ म्हणतात. म्हणजे रावणाचा मोठा कोट! मार्च १९६१ मध्ये माइक विल्सन नावाचा पाणबुड्या दोन मुलांना घेऊन तेथे उतरला. विज्ञानकथाकार म्हणून गाजलेले आर्थर क्लार्क यांचा तो भागीदार. (पुढे या विल्सनसाहेबांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी शिवकल्की झाले!) त्यांना खडकांत लहान पितळी तोफा दिसल्या, आणि चांदीचे रुपये सापडले. रुपये हजार-हजारांच्या थैल्यांत भरलेले होते. थैल्या कुजून गेल्या होत्या, पण नाणी एकमेकांस चिकटून थैलीच्याच आकाराचे गठ्ठे झाले होते.

नाणी औरंगजेबाची, टांकसाळ सुरतेची आणि सन हिजरी १११३.

आता हा सन आपल्या इतिहासाशी ताडून पाहा. जून १७०१ ते मे १७०२ असे ते वर्ष. मार्च १७०० मध्ये राजाराममहाराज वारले होते आणि ताराबाईसाहेबांनी राज्याचा भार उचलला होता. ऐंशी उलटलेला बादशहा सह्याद्रीत एकेका गडाशी अडून बसला होता. डिसेंबर १७०१ मध्ये तो विशाळगडापुढे येऊन ठेपला. गड हाती आला जून १७०२ मध्ये, आणि तोही परशुरामपंत प्रतिनिधींना दोन लाख रुपये मोजून! गड नेटाने लढवावा, पावसाळा तोंडावर आला की रक्कम घेऊन खाली करावा आणि संधी मिळताच परत जिंकावा, हा मराठ्यांचा त्या काळचा डाव. बादशाही चांदी अशी डोंगरात जिरत होती. त्याच वर्षी सुरतेस पाडलेले काही कोरे रुपये जहाजात चढले आणि रावणाच्या कोटावर आपटून बुडाले. दिल्लीपतीचा पैसा कोठे कोठे गडप झाला, पाहा!

“मामा, मग तेथेच जाऊ या ना!” असे भाचा म्हणणारच. परंतु तेथील प्रवाह जबर आणि लाटा दांडग्या. दोन मोसमी वाऱ्यांच्या मधल्या मार्च-एप्रिलच्या थोड्या आठवड्यांतच तो समुद्र माणसाला जवळ येऊ देतो, आणि नेमक्या तेव्हा आपल्या घरोघरी वार्षिक परीक्षा असतात! नवशिक्याने तेथे जाऊ नयेच.

राहिली त्रिंकोमाली. तेथील कड्यावर कोणेश्वराचे शिवालय आहे. सातव्या शतकातील संत संबंदर यांनी त्याच्यावर तमिळ पदे रचली. वसई-गोव्याला ज्यांची करणी आपण पाहिली, त्याच पोर्तुगीजांनी सतराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ते पाडले. त्याचे चिरे किल्ल्याला लावले आणि काही भाग कड्याखाली गेला. क्लार्क १९५६ मध्ये लंकेस आले आणि लवकरच त्यांनी व विल्सनने कड्याच्या पायथ्याशी कोरीव दगड व खांब पाहिले. वर नवे मंदिर नांदते आहे आणि खाली जुन्याचे अवशेष. कड्यात एक उभी चीर आहे. ती रावणाच्या तलवारीने पडली, असे लोक सांगतात.

ऋतूही सोयीचा. दिवाळीनंतर ईशान्येचे वारे पूर्व किनारा खवळून सोडतात. तेव्हा पश्चिमेकडे, हिक्कडुव्याला जावे. मेच्या सुटीत मात्र त्रिंकोमालीचे पाणी निवळशंख असते.

तेव्हा माझा कौल त्रिंकोमालीला. एकच अट घातली आहे: पाहावे, पण उचलू नये. कोरलेल्या दगडाचा कपचाही घरी आणावयाचा नाही. देवालय एकदा लुटले गेले, तेवढे पुरे.