बेटावरचे घाटी

बेट म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभं राहतं. निळं पाणी, वाकलेला माड आणि त्या माडाला टेकून बसलेला, कित्येक महिन्यांत दाढी न केलेला रॉबिन्सन क्रूसो. त्यातून ते बेट उष्ण कटिबंधातलं असेल तर विचारायलाच नको! असल्या बेटावर आठ दिवस राहायला लोक कर्ज काढतात. मी तसल्या बेटावर तीस वर्षं राहिलो, आणि त्यातला बराच काळ लोकल पकडण्यासाठी पळण्यात गेला. त्या बेटाचं नाव मुंबई.

हसू नका. नकाशा काढून बघा. कर्कवृत्ताच्या चांगलं साडेचार अंश खाली, समुद्राच्या कुशीत, माडांसकट सगळं यथास्थित आहे. एके काळी तर एक सोडून सात बेटं होती. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नाच्या करारात ती इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि १६६८ साली त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. मुंबईत स्वस्तात जागा मिळाल्याची इतिहासातली ही शेवटची नोंद.

या बेटावर आम्ही सातारा-सांगलीकडची माणसं म्हणजे ‘घाटी’. घाट उतरून आलेली. पाणी म्हणजे कृष्णा, आणि पाण्याला दोन काठ असतात, एवढंच आम्हांला ठाऊक. माझ्या एका चुलत्यांनी चौपाटीवर पहिल्यांदा समुद्र पाहिला, तेव्हा ते कपाळावर हात धरून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “आरं, पल्याडच्या काठाला कंचं गाव म्हणायचं?”

म्हटलं, “काका, पल्याड अरबस्तान.”

“मग तिथली माणसं बाजाराला कुठं जात्यात?”

या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत देता आलेलं नाही.

पण आमची माणसं समुद्र बघायला आलीच नव्हती. माण, खटाव, आटपाडी, जत इकडची आली ती पाऊस पडत नाही म्हणून, आणि पाटण, जावळीकडची आली ती पाऊस नको तेवढा पडतो नि डोंगरात पीक पुरत नाही म्हणून. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे तर लहानपणी, १९३१-३२ च्या सुमाराला, घरच्यांबरोबर चक्क चालत मुंबईला आले. परळ-लालबागच्या चाळींतून गावागावांच्या खोल्या असत. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपायचे. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. १९४९ साली सरकारने साताऱ्याचा दक्षिण भाग तोडून वेगळा जिल्हा केला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली ठेवलं. पण ही फाळणी खोलीत कोणी मानली नाही. आमटी दोन्ही जिल्ह्यांना सारखीच तिखट लागे.

त्या खोलीत राहून मला एक नाद लागला. रविवारी लोक राणीच्या बागेत जात, मी बेट शोधायला जाई. कारण सात बेटं एकमेकांना अशी चिकटवली आहेत की सांधा कुठला तेच कळत नाही. तो सांधा हुडकायचा. सोपा उपाय म्हणजे नावं वाचायची. उमरखाडीला आज बादलीभर पाणी सापडायचं नाही, पण नावात खाडी आहे. पायधुणीला लोक खाडीचं पाणी तुडवून आल्यावर पाय धूत, म्हणून ती पायधुणी. माझगाव ऐकून तर मी हरखलोच होतो. आमच्याकडे चाफळजवळ माजगाव आहे! पण आमच्या माजगावात समर्थांनी स्थापलेला मारुती आहे, आणि यांच्या माझगावात गोदी. हिशेबाला म्हणाल तर मुंबईची बेटं सात आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी सातारा जिल्ह्यातले मारुतीही सातच. सांगलीच्या वाट्याला दोन आले. त्यातल्या एकाकडे आपल्याला जायचंच आहे.

मुंबईतल्या माझ्या आवडीच्या जागा तीन. पहिली महालक्ष्मी. वरळी आणि मुंबई या बेटांमधल्या खिंडीतून भरतीचं पाणी आत घुसायचं आणि मधला सगळा सखल भाग बुडवायचं. विल्यम हॉर्नबी नावाच्या गव्हर्नराने १७८० नंतरच्या काही वर्षांत तिथे बांध घातला. विलायतेतल्या साहेबांना हा खर्च पसंत नव्हता. देवीलाही आधी पसंत नसावा. कारण बांध घालावा नि तो ढासळावा असं चाललं होतं म्हणतात. मग रामजी शिवजी नावाच्या कारभाऱ्याच्या स्वप्नात महालक्ष्मी आली. “मी समुद्रात आहे, आधी मला बाहेर काढ.” मूर्ती निघाल्या, देऊळ झालं आणि बांध उभा राहिला. आख्यायिका म्हणून सोडून द्या हवी तर. पण पाणी अडवायचं तर आधी तिथे जो राहतो त्याची सोय करावी लागते, हे हॉर्नबीच्या काळात देवीला ठाऊक होतं.

दुसरी जागा माहीमचा कॉजवे. माहीम ते वांद्रे पूर्वी होडीने जावं लागे आणि होड्या बुडत. शेवटी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई या बाईंनी दीड लाखाहून जास्त रुपये काढून दिले आणि १८४५ साली रस्ता झाला. बाईंची अट एकच, की या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. साताऱ्याला जाताना आणेवाडीच्या नाक्यावर, आणि पुढे कऱ्हाडला जाताना तासवड्याच्या नाक्यावर, मला दर वेळी या बाईंची आठवण येते.

तिसरी जागा वाळकेश्वर. लंकेला निघालेल्या रामाने इथे वाळूचं लिंग करून पूजा केली आणि तहान लागली तेव्हा बाण मारून पाणी काढलं, ते बाणगंगा. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तळ्याचं पाणी गोडं. इथे पायरीवर बसलं की मुंबई पाठीमागे कुठे तरी दूर राहते. मी तिथे बसायचो आणि दर वेळी मला गाव आठवायचं. त्याचं कारण हे, की अगदी हीच गोष्ट मी लहानपणी आमच्याकडे ऐकली होती!

वाळवा तालुक्यात बहे-बोरगावला कृष्णेच्या पात्रात एक बेट आहे. समुद्रातलं नाही, पण व्याख्येत चोख बसणारं. चारही बाजूंना पाणी. इथेही राम आला, इथेही त्याने लिंग स्थापून पूजा मांडली. तेवढ्यात कृष्णेला पूर आला. पूजा बुडणार असं दिसल्यावर मारुतीने आपले दोन बाहू पसरून पाणी अडवलं. नदी दुभंगून दोन्ही अंगांनी गेली आणि मध्ये बेट राहिलं. बाहूंवरून गावाचं नाव बहे. समर्थांनी मारुती स्थापला तो इथेच. मुंबईत जे काम हॉर्नबीला चुना, दगड आणि वरिष्ठांची नाराजी घेऊन करावं लागलं, ते आमच्या मारुतीने नुसते हात पसरून केलं, असं आम्ही खोलीत अभिमानाने सांगत असू.

यावर खोलीतला जावळीकडचा एक जण कधी बोलत नसे. त्याच्या मुलखातही पाणी अडवलं होतं.

कोयनेच्या धरणाचं काम १९५६ साली सुरू झालं आणि १९६२ पासून वीज निघू लागली. मागे शिवसागर पसरला, एकशे पाच टीएमसीचा. मुंबईत पाणी हटवून बेटांची जमीन केली होती. इथे पाणी भरून जमिनीची बेटं केली. वासोट्याला आज जायचं तर बामणोलीहून लाँचमध्ये बसावं लागतं. याच वासोट्यावर दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याच्या छत्रपतींना कैदेत ठेवलं होतं, तेव्हा डोंगर आणि जंगल एवढाच पहारा पुरला; आता वर पाण्याचाही आहे. गावंच्या गावं उठली. कोणी रायगडात गेलं, कोणी ठाण्याकडे, कोणी सोलापूर-सांगलीकडे. देव गाठोड्यात बांधून नेले. देवी इथे कुणाच्या स्वप्नात आली की नाही, कोणी विचारलं नाही.

आणि पाणी? कोयनेचं पाणी मुळात कऱ्हाडला कृष्णेला मिळायचं, तिथून बह्याच्या बेटाला वळसा घालून पूर्वेला जायचं. त्यातलं बरंचसं आता बोगद्यांतून घाटाखाली उतरतं, वीज करतं, आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे माणसांच्या पाठोपाठ पाणीसुद्धा घाटी झालं! ती वीज पार मुंबईपर्यंत गेली. खोलीतला दिवा लावताना जावळीकर कधी कधी बटणाकडे बघत उभा राही. त्याच्या नव्या वस्तीवर तेव्हा रॉकेलची चिमणी होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली, आणि महिने जाऊ लागले तशा खोल्या ओस पडू लागल्या. सातारचे साताऱ्याला गेले, सांगलीचे सांगलीला. ट्रंका बांधायच्या, एकमेकांचे पत्ते लिहून घ्यायचे, रात्रीच्या एस्टीवर पोचवायला जायचं, असं रोजच चालू होतं. जावळीकर तेवढा कोपऱ्यात वळकटीवर बसून होता.

मी विचारलं, “तुम्ही कधी जाणार गावाला?”

“मे महिन्यात जाईन म्हणतो,” तो म्हणाला. “पाणी उतरलं की आमचं वरलं रान उघडं पडतंय. तवाच दिसतंय.”