एकशे एक दिवसांची दुसरी बाजू

गणेशोत्सव आणि लोकमान्य टिळक यांचे नाते आपणा सीमाभागातील मराठी माणसांना सांगायला नको. मात्र टिळकांचा पहिला तुरुंगवास राजद्रोहाचा नव्हता, तो अब्रुनुकसानीचा होता, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. ते प्रकरण आपल्या शेजारच्या कोल्हापूरचेच.

जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी बोलवा तेव्हा होती. दिवाण माधवराव बर्वे यांची म्हणून काही पत्रे संपादकांच्या हाती आली. त्यांच्या आधारे मजकूर छापला गेला आणि बर्व्यांनी फिर्याद केली. पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले, तेव्हा लोकांनी त्यांचे थाटात स्वागत केले.

येथे कायद्याचा आणि वाचकाचा न्याय निराळा झाला. १८६० च्या दंड संहितेचे कलम ४९९ विचारत असे ते मुख्यतः हे : या मजकुराने इतरांच्या नजरेत त्या माणसाची किंमत उतरते काय? उपरोधाने लिहिले तरी सुटका नाही. मजकुराचा अर्थ ठरवताना साध्या वाचकाने काय अर्थ घेतला, याला येथे वजन असते. तो साधा वाचक म्हणजे शब्दाचा कीस काढणारा वकील नव्हे आणि उगाच वाईट शोधणाराही नव्हे. मथळा आणि मजकूर सरळ, एकत्र वाचणारा माणूस. सत्य आणि लोकहित दोन्ही असतील तर अपवाद मिळतो. कोल्हापूर प्रकरणात लोकहिताची तळमळ होती. सत्याचा पुरावा मात्र खोटा निघाला.

पुढे डिसेंबर १८८३ मध्ये महाराजांचा अहमदनगरला, पहाऱ्यावरील एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत अंत झाला. म्हणजे लोकांची हळहळ अनाठायी नव्हती. पण त्यामुळे बनावट पत्रे खरी ठरत नाहीत. आपण १०१ दिवस अभिमानाने आठवतो. ज्यांच्या नावावर ती पत्रे खपवली गेली, त्या बर्व्यांची आठवण कोणी काढत नाही.

सरकारी नोकरीत रोज कागद हाताळताना एक शिकलो : सही कोणाची हे पाहिल्याशिवाय कागद पुढे सरकवू नये. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ या क्रमांकाने आले आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. पूर्वी हा धोका संपादकाला होता. आज मोबाइलवर आलेला मजकूर पुढे पाठवणारा प्रत्येक जण छोटा संपादकच आहे. टिळक-आगरकरांसारखे विद्वान जेथे फसले, तेथे आपण पाठवण्यापूर्वी घटकाभर थांबावे. समोर कोणाची तरी अब्रू असते.