आख्यान आणि निरूपण : दूरदर्शनच्या इतिहासातील एक प्रकरण

आपल्या कीर्तनपरंपरेत पूर्वरंगात निरूपण व उत्तररंगात आख्यान असा क्रम आहे. प्रथम तत्त्व, मग त्याच्या पुष्ट्यर्थ कथा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हाच प्रकार ख्रिस्ती समाजात रुजविला. रंजनाने बोधाची सेवा करावी, हा निर्णयच या रचनेत अनुस्यूत आहे. भारतीय दूरदर्शनच्या इतिहासात हा क्रम कसा पालटला, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

१ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, अमेरिकेच्या ए.टी.एस.-६ या उपग्रहाच्या साहाय्याने, सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविण्यात आले. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन हे त्यांचे प्रमुख विषय. संच सार्वजनिक जागी असे. त्यामुळे पाहणे ही गावाची सामुदायिक क्रिया होती.

पुढे ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी कौटुंबिक कथामालांतून लोकशिक्षणाचा जो प्रयोग केला होता, तो तिचा आदर्श. परंतु आरंभीच्या भागांतील कुटुंबनियोजनाचा उपदेश प्रेक्षकांना रुचला नाही. तो सौम्य करण्यात आला व कौटुंबिक नाट्याला प्राधान्य मिळाले. प्रत्येक भागाच्या अखेरीस अभिनेते अशोक कुमार चार शब्द बोलत. म्हणजे आख्यान आधी आणि निरूपण शेवटी, तेही घटकाभर!

या मालिकेचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. हुंडा, व्यसन, स्त्रीची परवशता हे विषय तिच्यामुळे घरोघरी बोलले गेले. मात्र बोलण्याची रीत पालटली. मद्यपी बसेसर रामचा प्रेक्षकांना संताप येई. पण गावोगावी दारू कोण पुरवितो, त्यातून कोणाचे उत्पन्न वाढते, हे प्रश्न त्या संतापातून आपोआप उद्भवत नाहीत. पात्राविषयी कळवळा उत्पन्न करणे कथेला सहज साधते. कारणांची मीमांसा मात्र कोणीतरी हेतुपुरस्सर करावी लागते.

हाच निकष आपल्या व्यासपीठालाही लागू आहे. श्रोते कंटाळतील या भयाने आपणही निरूपण आखडते घेऊन गोष्टी वाढवीत नाही काय? चांगल्या शोमरोन्याचा दाखला प्रभूने एका प्रश्नावर आणून ठेवला आणि उत्तर ऐकणाऱ्याकडूनच घेतले. कथा संपल्यावर श्रोत्याला उत्तर द्यावे लागते की नाही, एवढे प्रत्येक उपदेशकाने स्वतःस विचारावे.