बंद गिरणीचा बुडालेला नफा कोणी भरून द्यावा?

१/ भंडारा हा धानाचा जिल्हा. येथील राईस मिलचे यंत्र ऐन हंगामात आठवडाभर बंद पडले, तर दुरुस्तीच्या खर्चाहून मोठा आकडा उभा राहतो तो बुडालेल्या नफ्याचा. यंत्र सदोष निघाले वा उशिरा पोहोचले, तर हा नफा विक्रेत्याकडून किंवा वाहतूकदाराकडून मागता येतो का? या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात १८५४ सालापासून होते.

२/ भंडाऱ्याच्या इतिहासातही हे वर्ष निर्णायक. डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले निवर्तले. १८५४ मध्ये त्यांचे राज्य खालसा झाले आणि भंडारा कंपनी सरकारच्या अमलाखाली गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये ‘हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल’ खटल्याचा निकाल लागला.

३/ ग्लॉस्टरच्या एका पिठाच्या गिरणीच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट मोडला. नवा घडवण्यासाठी तो नमुना म्हणून ग्रिनिचला पाठवायचा होता. वाहतूकदाराने दिरंगाई केली आणि गिरणी आणखी काही दिवस बंद राहिली. मालकांनी त्या दिवसांचा नफा मागितला.

४/ न्यायमूर्ती ऑल्डरसन यांनी ही मागणी मान्य केली नाही. मालकाजवळ दुसरा क्रँकशाफ्ट असू शकतो. त्याच्याविना गिरणी ठप्प आहे हे वाहतूकदाराने कसे ओळखावे? करारभंगातून स्वाभाविकपणे होणारे किंवा करार करतानाच उभयतांना ठाऊक असलेले नुकसानच भरून मिळेल, असा दंडक त्यातून रूढ झाला.

५/ १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये हेच तत्त्व आले. त्यातील एक उदाहरण असे: यंत्राअभावी गिरणी बंद आहे, हे मालकाने वाहतूकदाराला आधीच सांगितले. तरीही यंत्र उशिरा आले आणि मालकाचे सरकारी कंत्राट हुकले. अशा वेळी गिरणीचा सरासरी नफा मिळेल; हुकलेल्या कंत्राटाची भरपाई मिळणार नाही.

६/ भंडाऱ्याच्या गिरणीमालकाला हे उदाहरण परके वाटणार नाही. येथील कित्येक गिरण्या शासकीय धानाच्या भरडाईवर चालतात. ‘गिरणी बंद आहे’ एवढे सांगणे आणि ‘अमुक तारखेपर्यंत भरडाई न झाल्यास कंत्राट जाईल’ असे सांगणे, यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

७/ १८९८ मध्ये मद्रासच्या उच्च न्यायालयापुढे एका शिंप्याचा दावा आला. सणासाठी रेल्वेने पाठवलेले शिलाई यंत्र व कापड उशिरा पोहोचले आणि कमाई हुकली. हेतू रेल्वेला सांगितलेला नव्हता. नफा नाकारला गेला.

८/ महाराष्ट्रातील ‘लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स’ प्रकरण सदोष यंत्राचे. सुशिक्षित बेरोजगारांसाठीच्या योजनेतून उभ्या राहिलेल्या या लघुउद्योगाने सुमारे २१ लाखांचे यंत्र मागवले. ते उशिरा आले आणि सदोष आहे, अशी तक्रार होती. राज्य ग्राहक आयोगाने भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती रद्द केली.

९/ १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आयोगाचा निर्णय कायम ठेवला. उपजीविकेसाठी लेथ स्वतः चालवणारा कारागीर ‘ग्राहक’ ठरतो. व्यापारी प्रमाणावर उत्पादनासाठी यंत्र घेणारा ठरत नाही. त्याला दिवाणी न्यायालयाची वाट मोकळी राहिली. तेथे मात्र पुन्हा कलम ७३ समोर येते.

१०/ म्हणजे नुकसान किती मोठे, एवढ्यावर भरपाई ठरत नाही. करार करताना समोरच्याला काय ठाऊक होते, हे सिद्ध करावे लागते. नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी मालकाने काय केले, हेही पाहिले जाते. खरेदीच्या आदेशात चालू होण्याची तारीख आणि बंद पडल्यास होणारी हानी लिहिणारी एक ओळ, ग्लॉस्टरच्या गिरणीपाशी जे नव्हते ते भंडाऱ्याच्या गिरणीला देऊ शकते.