मिठागरांची मोजणी आणि पालिसीची भट्टी

बर्नार पालिसी या फ्रेंच कलावंताची गोष्ट इंग्रजी शिकलेल्या आपल्या मागच्या पिढ्यांना सॅम्युएल स्माइल्स यांच्या 1859 सालच्या ‘सेल्फ-हेल्प’ या ग्रंथातून परिचित झाली. भट्टीचे सरपण संपले तेव्हा त्याने घरातील मेजे आणि तक्तपोशीच्या फळ्याही आगीत घातल्या, हा प्रसंग एकदा वाचलेला मनुष्य सहसा विसरत नाही. मात्र या प्रसंगाच्या झगमगाटात त्याच्या चरित्रातील एक साधी गोष्ट झाकून जाते. ती म्हणजे, त्या भट्टीचा खर्च दुसऱ्याच व्यवसायातून येत होता.

पालिसीचा जन्म 1510 च्या सुमाराचा. काचेवर चित्रे रंगविणे हा त्याचा मूळ धंदा. जोडीला व्यक्तिचित्रे काढणे व जमिनीची मोजणी करून नकाशे तयार करणे. 1539 च्या सुमारास तो पश्चिम फ्रान्समधील सेंत या गावी बिऱ्हाड करून राहिला. तेथे झिलई दिलेला एक सुंदर मातीचा पेला त्याच्या पाहण्यात आला आणि तशी शुभ्र झिलई आपणही साधावी, या ध्यासाने त्याला पछाडले. मातीचे ज्ञान त्याला नव्हते, शिकविणारा गुरू नव्हता. वेगवेगळी द्रव्ये कुटून, खापऱ्यांवर लेपून भाजावयाची, एवढाच मार्ग त्याच्यापुढे होता. स्वतःच्या भट्टीत यश येईना, म्हणून तो शेकडो खापऱ्या दूरच्या कुंभारांकडे भाजावयास धाडू लागला. वेळ गेला, पैसा गेला, हाती काहीच आले नाही.

अशा वेळी, 1543 च्या सुमारास, मिठावरील कराच्या व्यवस्थेसाठी राजाचे अधिकारी त्या प्रांतात आले आणि मिठागरांचा नकाशा तयार करण्याचे काम पालिसीकडे आले. समुद्रकाठची ती मोजणी पुरी झाली तेव्हा गाठीस थोडा पैसा जमला होता. त्यातून त्याने नवी मडकी विकत घेतली, फोडली, आणि त्यांच्या खापऱ्या या वेळी अधिक उष्णतेच्या काचभट्टीत नेल्या. काही लेप प्रथमच वितळू लागले. आणखी दोन वर्षांच्या खटपटीनंतर एक खापरी पांढरीशुभ्र व चकचकीत निघाली.

मेजे जाळण्याचा प्रसंग यानंतरचा आहे. यशाची खूण दिसताच त्याने स्वतःच्या पाठीवर विटा वाहून नवी भट्टी उभारली. या काळात मिळकत आटली. मदतीस ठेवलेल्या कुंभाराला वेतनाऐवजी अंगावरचे कपडे देण्याची पाळी आली. घरात बोलणी, गावात हेटाळणी. पत्नीची बाजू आपल्याला केवळ त्याच्याच लेखणीतून कळते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पुढे एका मोठ्या भाजणीत भट्टीच्या गाऱ्यातील गारगोट्या फुटून उडाल्या आणि सारी भांडी बिघडली. खड्ड्यात पडलेल्या माणसाने उठण्याचा यत्न केला पाहिजे, असे मनाशी म्हणून तो काही दिवसांनी अंथरुणावरून उठला व चित्रे काढू लागला. म्हणजे दुसऱ्यांदाही त्याला सावरले ते जुन्या धंद्यानेच.

1580 साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही सारी हकिगत त्याने स्वतः सांगितली आहे. या खटपटीत पंधरा-सोळा वर्षे गेली. मधल्या काळात निरनिराळ्या रंगांच्या झिलया एकमेकींत मिसळून केलेल्या भांड्यांवर त्याने काही वर्षे गुजराण केली. साप, बेडूक, मासे, शिंपले यांच्या उठावाची प्रसिद्ध तबके त्यानंतरची. त्यांमुळे त्याला आन द मोंमोरांसी व राजमाता कातरीन द मेदिची यांचा आश्रय लाभला. प्रॉटेस्टंट श्रद्धेमुळे मात्र अखेर तुरुंगवास नशिबी आला आणि 1590 च्या सुमारास बास्तीयच्या कैदेतच त्याचा अंत झाला.

आपली बहुतेक घराणी ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथे चाकरीच्या निमित्ताने आली. नोकरी सांभाळून कोणी मातीत हात घातला तर ‘फावल्या वेळचा नाद’ म्हणून त्याची संभावना होते, आणि कोणी नोकरी सोडली तर त्यालाच खरा ध्येयवेडा म्हटले जाते. पालिसीचे चरित्र या दोन्ही समजुतींना धक्का देते. त्याची निष्ठा मोजणीच्या साखळीने उणावली नाही. उलट, नव्या मडक्यांचे पैसे तिनेच दिले. आज कचेरीतून परतल्यावर परसात छोटी भट्टी पेटविणाऱ्या तरुणाला वा गृहिणीला जळत्या मेजांची कथा आपण जरूर सांगावी. परंतु सांगताना मिठागरांचे प्रकरण गाळू नये.