हातची नोकरी आणि नव्या नोकरीचा शोध

बेकार माणूस काम शोधतो यात नवल नाही. कामावर असलेला का शोधतो, याचे नीटस सूत्र केनेथ बर्डेट यांनी 1978 मध्ये मांडले : बाहेर मिळू शकणारा जास्तीचा पगार शोधाच्या खर्चाहून मोठा वाटला की माणूस शोधू लागतो. सूत्र पटते. पण नोकरी सुटली तर पगाराबरोबर आणखी काय जाते, हे देशागणिक बदलते आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजातून वाळूजच्या कारखान्यात जाणारा कामगार घ्या. तो ठेकेदाराकडचा असेल तर ‘ब्रेक’, म्हणजे कामात सक्तीचा खंड, कधी मिळेल याचा नेम नाही. त्याच्या शोधामागे पगारापेक्षा धास्तीच जास्त असते. कायम कामगाराचा हिशेब वेगळा. ग्रॅच्युइटीची 5 वर्षे भरत आली असतील तर साहेबाशी कितीही वाजले तरी तो कळ काढतो. अमेरिकेत अनेकांचा आरोग्यविमा मालकामार्फत असतो, म्हणून घरात आजारी माणूस असलेला नोकरदार जागचा हलत नाही. जर्मनीत विमा नोकरीबरोबर तुटत नाही, तेवढी भीती कमी.

सौदीत मात्र पणाला लागतो तो मुक्काम. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कफिलाशी म्हणजे हमीदार मालकाशी जोडलेला; मालकाने ‘हुरूब’ लावला, म्हणजे पळून गेल्याची नोंद केली, की माणूस बेकायदा ठरू शकतो. मार्च 2021 पासून खासगी कंपन्यांतल्या परदेशी कामगारांना काही अटींवर, मालकाच्या संमतीविना नोकरी बदलता येते. घरगुती कामगार आणि घरचे ड्रायव्हर या सुधारणेतून वगळले गेले.

म्हणून ‘किती जण नवी नोकरी शोधतात’ या आकड्यावरून समाधान मोजणाऱ्या पाहण्यांवर मी फारसा विसंबत नाही. न शोधणारा सुखी असेल, किंवा त्याचे हात बांधलेले असतील. आकडा दोघांना एकाच रकान्यात बसवतो.

शिवाय शोध नेहमी नोकरीच्या देशातच होतो असेही नाही. रियाधमध्ये घरगुती ड्रायव्हर असलेला माणूस तिथे असेपर्यंत गप्प राहतो. सुट्टीवर शहागंजला आला की पासपोर्टच्या झेरॉक्स काढतो, एजंटाकडे चकरा मारतो, दुबई-कतारहून परतलेल्या शेजाऱ्यांकडे चौकशी करतो. परतीचा व्हिसा खिशात असतोच; तो वापरायचा की नाही, हे नव्या कागदांवर ठरते.