साल्टमच्या खाणींतील वायुनलिका

दगडी कोळशाच्या खाणींतील स्फोटक वायूच्या बंदोबस्ताचा इतिहास बहुतेक लेखक हंफ्रे डेव्हीच्या इ. स. १८१५ मधील दिव्यापासून सुरू करितात. आमच्या मतें हा आरंभ सुमारें ऐशीं वर्षें उशिरां धरिला जातो. या मतास आधार एका लहानशा कागदाचा आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत तो इ. स. १७३३ सालीं छापला गेला. त्याच वर्षीं इकडे थोरले बाजीराव जंजिऱ्याच्या मोहिमेंत गुंतले होते, एवढें सांगितलें म्हणजे काळाचा अदमास येईल.

कागद सर जेम्स लौथर याचा. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर व्हाइटहेवन बंदरालगत त्याच्या कोळशाच्या खाणी होत्या. धनी राहणार लंडनांत आणि कारभार पाहणार जॉन व कार्लाइल स्पेडिंग हे बंधु. त्यामुळें पत्रांची ये-जा सतत चाले, व तीं पत्रें सुदैवानें पुष्कळ टिकलीं आहेत. पेशवे दफ्तर चाळलेल्या वाचकांस हा मामला अनोळखी वाटणार नाहीं.

साल्टम येथें समुद्रापासून अवघ्या वीस यार्डांवर खाणीची विहीर खोदणें चाललें असतां ४२ फॅदम, म्हणजे २५२ फूट खोलीवर काळ्या दगडाचा पातळ थर लागला. त्याच्या भेगांतून वायु उसळून पाण्यांत बुडबुडे येऊं लागले. मेणबत्ती जवळ नेतांच दोन यार्ड उंचीची ज्वाला उठली. खोदणारे भ्याले, पण पुढें जें केलें तें महत्त्वाचें. वायूची वाट कोंडून घेऊन तेथून दोन इंच चौरस नळी विहिरीच्या तोंडाबाहेर चार यार्ड उंच नेली, आणि वायु मोकळ्या हवेंत सोडून दिला. दोन वर्षें नऊ महिने लोटले तरी त्याचा जोर कमी झाला नव्हता. तोच वायु फुग्यांत भरून लंडनास नेला व सोसायटीपुढें पेटवून दाखविला. पुढें कार्लाइल स्पेडिंगनें गांवचे रस्ते या वायूनें उजळण्याची तयारी दाखविली, ती गांवकारभाऱ्यांनीं मानली नाहीं असें सांगतात.

कोणी म्हणेल, ही केवळ प्रसंगीं सुचलेली युक्ति. हिला योजना म्हणूं नये. आक्षेप अर्धाच खरा आहे. वायु आधीं हुडकून त्यासाठीं भोंक पाडलें नव्हतें, हें कबूल. परंतु वायु हवेंत मिसळण्यापूर्वींच उगमापाशीं धरून बाहेर न्यावा, हें तत्त्व येथें स्पष्ट आहे. डेव्हीचा दिवा वायु काढीत नाहीं. तो फक्त ज्वाला जाळीआड ठेवितो. हवेंत मिथेन शेंकडा सुमारें ५ ते १५ असला म्हणजे स्फोट होतो. म्हणून तो दाट असतांनाच नळींत घेणें अधिक निर्धोक.

ही कल्पना पद्धतशीर रीतीनें अमलांत आली ती इ. स. १९४३ सालीं, जर्मनीच्या रूर प्रांतांतील मान्सफेल्ड खाणींत. कोळसा काढून घेतल्यावर वरचे खडक ढासळतात, त्यांस चिरा पडतात व वरच्या थरांतील वायु खालीं उतरतो. त्यास वाटेंतच गांठण्यासाठीं छतांत तिरकीं भोंकें पाडून तीं शोषक नळीस जोडिलीं. येथें आंखणीचाच खरा कस लागतो. भोंक आधीं पाडावें लागतें, पण वायु मिळतो कोळशाची तोडणी त्याच्याखालून पुढें सरकल्यावर. फार खालीं ठेविलें तर पडझडींत तें तुटतें. फार वर नेलें तर चिरा तेथवर पोंचत नाहींत. जमिनीवरून खोदलेल्या वायु-विहिरींसही हाच हिशेब लागू आहे.

कार्लाइल स्पेडिंग स्वतः इ. स. १७५५ मध्यें व्हाइटहेवनच्या खाणींतील स्फोटांतच मेला. त्याच गांवीं इ. स. १९१० सालीं वेलिंग्टन खाणींत १३६ माणसें गेलीं. विल्यम खाणींत १०४ गेलीं तो दिवस १५ ऑगस्ट १९४७ होता. त्या दिवशींच्या आपल्याकडील वर्तमानपत्रांत त्या वार्तेस कितपत जागा मिळाली असेल, हें वाचकांनींच ताडावें. साल्टमचें इंजिनघर मात्र किनाऱ्यावर अद्याप उभें आहे.